कर्णिक डॉक्टर आणि खोटं काडतूस

कर्णिक डॉक्टरांना माणूस पहिल्यांदा भेटला की त्या त्याचं वजन सांगतात. नमस्कार वगैरे नंतर. इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या आमच्या गणपतीत, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये मी प्रसादाच्या रांगेत उभा होतो. माझ्या खांद्याच्याही खाली राहतील अशा एक बाई समोर आल्या. अंगावर निळी रेशमी साडी आणि पायांत चिखल तुडवायचे बूट. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अठ्ठ्याऐंशी. आणि मानेचा घेर बघता घोरत असणार." मागे उभी असलेली माझी बायको मानसी इतकी हसली की तिच्या द्रोणातला शिरा सांडला. वजन अगदी बरोबर होतं. घोरण्याबद्दल मी आजवर काहीही कबूल केलेलं नाही.

बाईंचं सारं आयुष्य इथल्या हॉस्पिटलांत भूल देण्यात गेलं होतं. तरुणपणी मुंबईहून आल्या त्या इथल्याच झाल्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी माणूस दिसला की डोळ्यांनी तोलायची सवय गेली नव्हती. समोरच्याचं वजन कळल्याशिवाय त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नाही, असं त्या म्हणत. मी त्यांना रीतीप्रमाणे काकू म्हणालो, तर लगेच थांबवलं. "काकू म्हणालास तर चकल्या मागशील. डॉक्टर म्हण, म्हणजे सांगितलेलं ऐकशील." तेव्हापासून त्या माझ्या डॉक्टर, आणि मी त्यांचा 'अरे समीर'.

विसर्जनानंतरच्या शनिवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. असा रस्सा मी मुंबई सोडल्यापासून खाल्ला नव्हता. मटण कुठल्या दुकानातून आणता, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "दुकानातून कशाला? पीटरच्या रानातलं भेकर आहे." आमच्या भागात ही कुत्र्याएवढी हरणं पोत्यानं आहेत. इंग्रजीत त्यांना मंटजॅक म्हणतात. राउंडअबाउटच्या, म्हणजे मोठ्या गोल चौकांच्या, झाडीत राहतात, पहाटे सायकलच्या रस्त्यांवर फिरतात आणि मानसीनं वाफ्यात लावलेली मेथी दर वर्षी कोवळी असतानाच खाऊन जातात. पीटर हा शहराबाहेरचा शेतकरी. त्यानं लावलेल्या रानातली रोपं या भेकरांनी शेंड्यापासून सोलली होती. मारतं कोण, असं मी विचारलं. डॉक्टरांनी माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला आणि म्हणाल्या, "मी."

हे वेड त्यांना लागलं कसं, ते त्यांनी पुढे एकदा गाडीत सांगितलं. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी घरी येताना त्यांच्या गाडीखाली हरिणी आली. मेली नाही. मागचे पाय निकामी झाले होते आणि ती कडेच्या गवतात उठायची धडपड करत होती. "आयुष्यभर मी दुखणं थांबवलं, समीर, आणि त्या दिवशी माझ्या हातात काहीच नव्हतं. नुसता हँडबॅगमधला पॅरासिटॅमॉल." शेवटी शेजारच्या शेतातून पीटर आला आणि एका गोळीत त्यानं तिला सोडवलं. दुसऱ्याच आठवड्यात बाई त्याच्या दारात, मला हे शिकव म्हणून. हसत हसत सांगायच्या, "लोकांना झोपवून परत उठवलं, तो पहिला जॉब. आता झोपवते आणि उठवत नाही. पण दुखू द्यायचं नाही, हा रूल तोच."

मलाही शिकायचं होतं. दिवसभर स्क्रीनपुढे बसून मी जे काम करतो त्याचं टोक मला कधी दिसत नाही. जे आपण खातो ते एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातानं करावं, असं वाटायला लागलं होतं. मानसीला ते अजिबात पसंत नव्हतं. घरात मुलगी लहान, नर्सरीची फी, घराचा हप्ता, त्यात बंदूक. अखेर तिनं अट घातली: डिसेंबरमधल्या मुंबईच्या एका तिकिटाएवढा खर्च, त्यात रायफल, वरची दुर्बीण आणि लोखंडी कपाट सगळं बसलं पाहिजे. म्हणजे रायफल एकच घेता येणार होती आणि तीही जुनी. ती निवड चुकली तर मानसी मला दुसरी घेऊ देणार नव्हती.

मग मी इंटरनेटवर शिरलो आणि डोकं फिरवून घेतलं. रायफलींची नावं म्हणजे त्यांच्या गोळीच्या जाडीचे आकडे. टू-टू-थ्री बारीक, टू-फोर-थ्री त्याहून मोठी, थ्री-ओ-एट चांगली जाडजूड. यावर तिथले पुरुष असे भांडत होते, जणू घरच्या लग्नातला मानपान चाललाय. माझं मन थ्री-ओ-एटवर बसलं. जुन्या स्वस्त मिळतात, सगळ्या हरणांना चालते, आणि खरं सांगायचं तर नाव भारदस्त वाटत होतं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेशंटचं वजन किती?"

भेकर पंधरा किलोच्या आतबाहेर, असं मी म्हणालो. पीटरच्या रानात ठिपक्यांची मोठी हरणंही येतात, ती त्याच्या चौपट-पाचपट. डॉक्टरांनी बोटांवर हिशेब मांडला. टू-टू-थ्रीनं भेकराचं काम भागेल, पण मोठ्या हरणांवर इथला कायदा ती चालवू देत नाही, आणि तुला तर एकच घ्यायची आहे. टू-फोर-थ्री आणि थ्री-ओ-एट दोन्ही हरणांना चालतील. "पण डोस नुसता पेशंटच्या वजनावर ठरत नाही, देणाऱ्याचा हात किती स्टेडी आहे त्यावरपण ठरतो. शनिवारी ये. तुझा हात बघू."

शनिवारी पीटरच्या शेतात, मातीच्या उंच बांधापुढे कागद लावला होता. पीटरची थ्री-ओ-एट त्यांनी माझ्या हाती दिली. मी चार गोळ्या झाडल्या. खांद्याला सणसणीत धक्का बसत होता, पण कागदावरची भोकं बरी पडली होती आणि मी मनातून फुगलो होतो. मग मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, त्यांनी माझ्याकडे पाठ करून भरलं. मी नेम धरला, चाप ओढला, आणि नुसता 'टक' असा आवाज झाला. धक्का बसला नाही, तरी नळी आपली आपण खाली गेली, अगदी देवापुढे मान लवते तशी. आत खोटं काडतूस होतं, दारू नसलेलं. धक्का येणार म्हणून माझ्या अंगानं आधीच दचकून घेतलं होतं, आणि ते मला कळलंही नव्हतं.

"डोळेपण मिटलेस," डॉक्टर म्हणाल्या. "खऱ्या गोळीच्या वेळी धक्क्यात हे दिसत नाही. कागदाला चालतं रे. हरणाचं पोट फाटतं, आणि ते तीन शेतं पळत जाऊन मरतं."

मी लाजलो. बाजूला उभ्या असलेल्या पीटरनं त्याच्या इंग्रजीत समजूत घातली, की पहिल्या वर्षी तोही असाच दचकायचा, फक्त त्याला पकडायला डॉक्टर नव्हत्या. मग त्यांनी स्वतःची टू-फोर-थ्री मला दिली. धक्का निम्माच वाटला. तरी अंगाची खोड लगेच जाते थोडीच. दोन-तीन शनिवार गेले. खोटं काडतूस कधी पहिलं असायचं, कधी शेवटचं, कधी नसायचंच. ज्या शनिवारी 'टक' झालं आणि नळी जागची हलली नाही, त्या दिवशी त्या म्हणाल्या, "झालं. टू-फोर-थ्री घे. अर्ज भर."

अर्जानंतर पोलिसांच्या एक अधिकारी बाई घर बघायला आल्या. शांत, नेमकं बोलणाऱ्या. भिंतीत पक्कं केलेलं रिकामं कपाट त्यांनी हलवून पाहिलं आणि किल्ली कुठे असते, ती जागा आणखी कुणाला माहीत आहे का, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मानसी चहा-चिवडा घेऊन आली आणि अभिमानानं म्हणाली, या माणसाला घरात काही म्हणजे काही सापडत नाही, सगळं मलाच माहीत असतं. किल्ली चहाच्या मसाल्याच्या डब्यामागे आहे. अधिकारी बाईंनी कप खाली ठेवला. किल्लीची जागा लायसन्सवाल्याशिवाय कुणालाही, अगदी बायकोलाही, माहीत असता कामा नये, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. यावर मानसीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. तिला वाटलं, सरकार तिच्या संसारात हात घालतंय.

मी धरूनच चाललो होतो की गेलं सगळं. फोन केला तर डॉक्टर हसतच सुटल्या. नंबरचं कुलूप असलेली छोटी तिजोरी आण आणि किल्ली त्यात ठेव, म्हणाल्या. "नंबर लग्नाच्या तारखेचा नको. ती मानसीच्याच लक्षात असणार, तुझ्या नाही." अधिकारी बाई पुन्हा आल्या, समाधानानं मान हलवून गेल्या. आमच्या घरात मानसीच्या हाताला लागत नाही अशी ती एकमेव वस्तू आहे, आणि याबद्दल तिनं मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

लायसन्स आल्यावर आम्ही दुकानात गेलो. दुकानदार मला चकचकीत नवी दाखवत होता. डॉक्टर थेट जुन्यांच्या रांगेकडे वळल्या आणि दस्त्यावर ओरखडेच ओरखडे असलेली एक टू-फोर-थ्री काढायला लावली. "लाकडाकडे बघू नकोस, ते कुणाच्या लँडरोव्हरमध्ये घासलंय. नळीच्या आत बघ." आतून नळी आरशासारखी होती. चाप हलका, काडतूस आत सरकवणारा बोल्ट गुळगुळीत. वाचलेले पैसे त्यांनी मला दुर्बिणीत घालायला लावले, कारण संधिप्रकाशात दिसलंच नाही तर रायफल कितीही चांगली असून काय उपयोग. तिकिटाच्या किमतीत सगळं बसलं. मानसीनं पावती दोनदा वाचली आणि पोहे केले.

पहिलं भेकर मी त्यानंतरच्या वसंतात मारलं. उभ्या जागी कोसळलं. त्याला काही कळलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि खिशातून सुरी काढून मला कामाला लावलं.

पण मला सांगायचंय ते यानंतरचं आहे. दर ऑक्टोबरात, हिवाळ्याचा हंगाम सुरू होण्याआधी, डॉक्टर स्वतःला तपासून घेत. बांधापुढे कागद लावायचा आणि मॅगझिन दुसऱ्यानं भरायचं. आधी ते पीटर भरायचा, नंतर ते काम माझ्याकडे आलं. त्यांनी मला शपथच घातली होती: "माझं मला कळणार नाही. तू सांगायचंस. लाडानं खोटं बोललास तर मी तुझ्याशी बोलणार नाही." दोन वर्षं ऑक्टोबरात त्यांची नळी दगडासारखी स्थिर राहिली. मला वाटायचं, हे असंच चालणार.

यंदा उन्हाळ्यापासून त्या उजवा खांदा धरून चालत होत्या. तिसऱ्या चापाला 'टक' झालं आणि नळी खाली गेली. थोडीशीच. पीटर आपल्या बुटांकडे बघायला लागला. काही बोलू नये, असं माझ्या फार मनात आलं. एवढंसं तर हललं होतं, आणि हे रान, या पहाटा म्हणजेच त्यांचं आताचं जगणं होतं. दुर्बिणीवरून डोळा न काढता त्यांनी विचारलं, "समीर?"

"हलली, डॉक्टर," मी म्हणालो. "आणि डोळेही मिटले."

त्यांनी पुन्हा भरायला सांगितलं. पुन्हा तेच झालं. मग त्या सावकाश उठल्या, रायफल रिकामी केली, आम्हा दोघांना आत काही नाही ते दाखवलं, आणि गुडघ्यावरची माती झटकली. "ओके. रिटायरमेंट नंबर टू," एवढंच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "थँक यू. ओळखीच्या सर्जन लोकांनापण एकमेकांना हे सांगायला जमत नाही." परतताना गाडीत मीच रडत होतो. त्या मला रस्त्याकडे बघायला सांगत होत्या.

त्यांची रायफल माझ्याकडे येईल अशी एक वेडी आशा मला होती. ती त्यांनी दुकानात विकली. दस्ता त्यांच्या हातांच्या मापाला कापलेला होता. "माझं स्वेटर घालशील का तू?" म्हणाल्या. पण रानात येणं काही त्यांनी सोडलेलं नाही. दुर्बीण आणि थर्मास घेऊन येतात, आणि आता हातात काम नाही म्हणून इतक्या बोलतात की भेकरं पलीकडच्या गावात जातात. पीटरनं त्यांना दोनदा गप्प राहायची विनंती करून पाहिली.

गेल्या शनिवारी मी म्हणालो, दर वर्षी आधी तुमची तपासणी व्हायची, आता माझीच करा. त्या पीटरनं गाडीतून काढून दिलेल्या घडीच्या खुर्चीवर माझ्या मागे बसल्या, पाठ करून मॅगझिन भरलं आणि माझ्या हाती दिलं. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. मी श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. 'टक'.

मी वळून पाहिलं तर त्या थर्मासचं झाकण फिरवत होत्या.

"ब्याण्णव झालायस," त्या म्हणाल्या. "पण नळी हलली नाही."