डोमाजी काकांचं खळं

डोमाजी काकांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही बरं बोललो तर कोणाचा गैरसमज व्हायला नको. पैशात फसवलं नाही. पैशात मला फसवणारा माणूस कारंजा तालुक्यात अजून भेटायचा आहे. दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो, मालकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि आज माझा स्वतःचा दहा चाकी ट्रक आहे. संत्र्याच्या व्यापाऱ्याशी भाडं ठरवायचं असलं की बाकीचे गाडीवाले मला पुढे करतात. अशा माणसाला एका म्हाताऱ्याने हिवराच्या झाडाखाली नेऊन उभं केलं आणि तो काही न विचारता वर्षानुवर्षं तिथे उभा राहिला, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

ट्रक घेता येतो, ठेवता येत नाही. माझं घर जुन्या वस्तीत. आमच्या गल्लीत बैलबंडी कशीबशी वळते, ट्रकचं तोंडही शिरत नाही. फेरी करून आलो की गाडी हायवेवर धाब्यासमोर लावायची आणि पायी घरी यायचं. मी घरी, जीव धाब्यावर. कधी टाकीतलं डिझेल गेलं, कधी बॅटरी गेली, एकदा कोणी ताडपत्रीच कापून नेली. धाबेवाल्याला जाब विचारला, तर तुम्ही माझ्याकडे जेवता कुठे, असं त्याने मलाच विचारलं. पंपवाला म्हणाला, डिझेल आमच्याकडेच भरत असाल तर बघू. सर्व्हिस रोडवर लावली की पोलीस हजर. बायको म्हणायची, तुमचं लक्ष ताटात नसतं, दारात असतं. खोटं नव्हतं ते.

म्हणून एक दिवस सकाळीच वस्तीभोवती पायी फिरायला निघालो, कुठे मोकळी जागा दिसते का बघत. वस्तीच्या टोकाला, जुन्या रस्त्याला लागून एक खळं होतं. एका कडेला हिवराचं झाड, समोरच्या कडेला जमिनीत गाडलेला एक दगड. आणि एक उंच, वाळकासा म्हातारा खराट्याने ते खळं झाडत होता. आता खळ्याची गरज कोणाला राहिली आहे? सोयाबीन शेतातच मळून निघतं, गव्हाला हार्वेस्टर येतो. त्या खळ्यावर कित्येक वर्षांत दाणा पडला नव्हता. तरी म्हातारा ते कोपऱ्या-कोपऱ्यातून असं झाडत होता, जणू दुपारी रास पडणार आहे. ते डोमाजी काका. पुढे त्यांना मी जवळजवळ रोज पाहिलं, आणि हातात खराटा नसताना फार थोड्या वेळा पाहिलं.

मी जागेचं विचारलं. त्यांनी भाडं विचारलं नाही, गाडीची लांबी विचारली. मी सांगितली. ते हिवरापासून दगडापर्यंत पावलं टाकत गेले आणि तसेच परत आले.

"बसते," ते म्हणाले. "ठेव."

मी भाड्याची गोष्ट काढली, अर्थातच कमीपासून. ते नको म्हणाले. फुकटची वस्तू मी घेत नाही, तिची किंमत नंतर कळते. म्हणून मी आकडा वाढवला. ते पुन्हा नको म्हणाले. मी आणखी वाढवला. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने न मागता स्वतःच भाव चढवत होतो आणि समोरचा खराट्याच्या काड्या सारख्या करत होता. शेवटी मी चिडून म्हणालो, काका, मग तुम्हाला पाहिजे तरी काय?

"मले काय पाह्यजे बावा? गाडी हिवरापासून गोट्यापर्यंत सरकी उभी करजो. वाकडी नाई, इकडं-तिकडं नाई. अन् बाहेर गेला त काहीतरी ठेवून जाजो, एखांदा जुना टायर. जागेले मालकाचा वास राह्यला पाह्यजे."

माझी जागा दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून हा माणूस किती विचार करतो, असं मला वाटलं. मी एक झिजलेला टायर आणून हिवराच्या बुंध्याशी टाकला. घरी जाऊन बायकोला सांगितलं, फुकटात पटवली जागा.

खळ्याच्या पलीकडे काकांच्या धाकट्या भावाचं, सीताराम काकांचं घर. दोघा भावांत बोलणं नव्हतं. का नव्हतं ते मी विचारलं नाही. मी मूळचा तळेगावकडचा, इथे बाहेरचाच, आणि दुसऱ्याच्या घरातली भांडणं गाडीच्या कामाला येत नाहीत. पण भावाला काही ऐकवायचं असलं की डोमाजी काका माझ्या ट्रकशी बोलायचे, हे मात्र माझ्या लक्षात आलं होतं. सकाळी बॉनेटवर हात ठेवून मोठ्याने विचारायचे, "काय म्हनते बाप्पा? कोनी हात त नाई लावला तुले?" पलीकडे सीताराम काका दात घासता घासता थांबायचे. मी हसायचो. म्हाताऱ्याला गाडीचा लळा लागला, असं चारचौघांत सांगायचो.

एकदा मी माल घेऊन बाहेर गेलो असताना सीताराम काकांच्या घरच्यांनी माझ्या जागेवर कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, आणून टाकलं. टायर उचलून बाजूला ठेवला होता. गाडी रस्त्यावर अडली आणि माझं डोकं फिरलं. माझा आवाज जरा मोठा आहे. त्या दिवशी तो बस स्टँडपर्यंत गेला असं लोक सांगतात. कोणाच्या बापाची जागा आहे, हे मी सीताराम काकांना त्यांच्याच दारात उभं राहून विचारलं. डोमाजी काका ओट्यावर बसून होते. मी जरा थंड झालो की ते म्हणायचे, "जाऊ दे गजू, टायर फेकला त फेकला." तेवढ्याने मी पुन्हा पेटायचो. संध्याकाळपर्यंत कुटार उचललं गेलं. त्यानंतर त्या जागेकडे कोणी फिरकलं नाही. मी हक्क गाजवला, आणि काकांनी खळं झाडलं.

आता पोळ्याचं सांगायला पाहिजे, कारण सगळी अडचण तिथेच आहे.

काकांची शेवटची बैलजोडी मी यायच्या आधीच विकली गेली होती. जू तेवढं गोठ्यात टांगलेलं होतं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने लोणी-हळद चोळायची आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. पहिल्याच वर्षी त्या संध्याकाळी काका पितळी वाटी घेऊन गाडीपाशी आले आणि मला विचारलं, "याचा खांदा कुठी असते?"

मी टिंगल करणार होतो. पण त्यांचा चेहरा बघून खाली वाकलो आणि पुढच्या चाकावरचा कमानपाटा दाखवला. भार यावरच येतो, म्हणालो. ते गुडघे टेकून बसले. चिखल-ग्रीस काही बघितलं नाही. दोन्हीकडच्या पाट्यांना सावकाश हळद-लोणी चोळलं, जसं दुखऱ्या जागी चोळतात. मग बॉनेटपाशी तोंड नेऊन, भावाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी काकूंनी पुरणपोळीचं ताट बंपरसमोर ठेवलं, ओवाळलं, आणि मग ते माझ्यापुढे आलं. दरवर्षी असंच. मी देवधर्मातला माणूस नाही. पण पोळ्याच्या दोन दिवसांत मी कधी भाडं घेतलं नाही. व्यापारी कितीही देत असला तरी नाही.

मग सीताराम काकांनी मोजणी आणली. मोजणीवाले यंत्र घेऊन आले, पंच बसले, आणि मला बोलावलं. ही गाडी इथे कधीपासून उभी असते, कोणाच्या परवानगीने? मी छाती काढून सांगितलं, डोमाजी काकांच्या. कित्येक वर्षांपासून, आणि आजवर कोणाची हिंमत झाली नाही उठवायची. ते त्यांनी लिहून घेतलं. मोजणी झाली. हिवर ते दगड, हीच दोघा भावांच्या वाटणीची रेघ निघाली. बापाने तोंडी करून दिलेली, दगड गाडून दिलेली. आणि माझी गाडी इतकी वर्षं त्या रेघेच्या पलीकडे, सीताराम काकांच्या हिश्शात उभी होती.

सीताराम काका चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "गजू, दादाले तार-खांब कराचा खर्च नाई आला. तू होता ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळ्यावर गेलो. डोमाजी काका झाडत होते, पण फक्त रेघेपर्यंत. रेघेशी आलं की खराटा उचलायचे आणि मागे वळायचे. मी विचारलं, काका, तुम्ही मला कुंपण म्हणून उभं केलं होतं? ते झाडत राहिले. मी आवाज चढवला. तेव्हा ते थांबले.

"तू काऊन चिडून राह्यला? तुले जागा पाह्यजे होती, मले आड पाह्यजे होती. दोघायचंबी जमलं. तोटा कोनाचा झाला सांग."

हिशेबाने बघितलं तर बरोबर होतं. माझा तोटा काहीच नव्हता. उलट मी असा सौदा कोणाशी केला असता, तर धाब्यावर चार लोकांना सांगितला असता. पण मला त्यांच्या तोंडून दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. मी मग म्हणालो, आणि पोळ्याचं काय? ते काय होतं?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काही बोलणार असं वाटलं. पण तोपर्यंत मी शिवी दिली होती. पाठ फिरवली, गाडी काढली आणि पुन्हा धाब्यासमोर नेऊन लावली. टायर तिथेच राहिला. रागात उचलायचं सुचलं नाही.

त्या वर्षी पोळ्याला मी मुद्दाम भाडं घेतलं आणि लांब निघून गेलो. दिवाळीच्या सुमाराला काका वारले. मातीला गेलो होतो. त्यांचा मुलगा बुटीबोरीला कंपनीत आहे, तो आला होता. त्याने मोजणी आपल्याला मान्य नाही, अपील करणार, असं स्मशानातच कोणाला तरी सांगितलं.

मागच्या आठवड्यात सीताराम काकांनी मला बोलावून घेतलं. गेलो तर ते खळं झाडत होते. आख्खं, रेघेच्या दोन्ही बाजूंनी. त्यांनी मला हिवराखाली नेलं. माझा टायर तिथेच होता.

"दादा पोळ्याच्या आदल्या दिवशी आलता अठी," ते म्हणाले. "वाटी घेऊन. तुही गाडी नाई. मग त्यानं या टायरालेच हळद लावली अन् आवतन देल्लं. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

मी वाकून बघितलं. टायरच्या नक्षीत हळद होती. पिवळी, चांगली दिसत होती. टायरच्या आत, पोकळीत, पळसाचं एक पान होतं, वाळून तपकिरी झालेलं. हात लावला तर चुरा झाला.

मी काही बोलायच्या आधी सीताराम काका म्हणाले, "आन तुही गाडी. ठेव अठी. भाडं-बिडं काही नोको मले. हिवरापासून गोट्यापर्यंत, सरकी."

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि निघालो. अजून सांगितलेलं नाही. गाडी धाब्यासमोर आहे, आणि काल पुन्हा कोणीतरी टाकीच्या कुलुपाशी खेळून गेलं. जागेची गरज मला आहे, हे सीताराम काकांना माहीत आहे. पुतण्या अपील करतो आहे आणि रेघेवर उभं राहायला त्यांनाही काहीतरी वजनदार पाहिजे, हे मलाही माहीत आहे. या वेळी मला कोणी फसवत नाही. सौदा दोघांनाही दिसतो आहे, आणि सौदा म्हणून तो वाईट नाही.

पण पोळ्यानंतर महिनाभर पाऊस होता. एवढ्या पावसात टायरवरची हळद इतकी पिवळी राहते का, हा प्रश्न माल तपासून घेणाऱ्या माणसाला पडतोच. ते पान मात्र आठवड्याभरातलं नव्हतं, हेही मी हात लावून बघितलं आहे. मोजणी संपली होती, जागा गेली होती, गाडी नव्हती, मी नव्हतो. तेव्हा डोमाजी काकांना कुंपणाचं काम उरलं नव्हतं. तरी ते वाटी घेऊन आले असतील, तर मी त्यांच्याशी भांडलो ते चुकीच्या गोष्टीवरून. आणि आले नसतील, तर दोघा भावांनी मला एकाच झाडाखाली दोनदा उभं केलं.

ज्यांना विचारायचं ते गेले. दुसरे आहेत. सीताराम काका, जागा द्या अथवा देऊ नका, त्याचं आपण बघून घेऊ. त्या टायरला हळद कोणी लावली, एवढं तुम्ही मला सांगा. माझ्या तोंडाकडे बघून सांगा. ते कळल्याशिवाय खळ्याकडे यायला मी गाडीची चावी लावणार नाही.