टॉबीच्या आईवडिलांचं पान

२९ सप्टेंबर २००७. सकाळचं काम : अळूवड्या वाफवणे आणि सासऱ्यांचं श्राद्ध उरकणे. तिथी खरं तर मंगळवारी होती. पण आम्ही कॉव्हेंट्रीत राहायला आल्यापासून आमचे पितर शनिवारीच येतात. (समजूतदार माणसं!)

बाहेर धुकं इतकं, की मागचं गार्डन दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं. कुंपण असून नसल्यासारखं, झाडांचे नुसते शेंडे वर. आमची नऊ वर्षांची ईशा काचेला नाक लावून त्याच्याकडे बघत बसली होती. लायब्ररीतून आणलेल्या कादंबरीत टॉबी नावाचा पोरका मुलगा होता. त्याचे मेलेले आईवडील रोज अशाच धुक्यातून कालव्याच्या पलीकडच्या काठावर येऊन उभे राहायचे. त्यांना ना पुढे येता यायचं, ना परत जाता. शेवटचं प्रकरण उरलं होतं, आणि ईशा पुस्तक उघडेना, धड झोपेना. त्यांची सुटका झालीच नाही तर?

त्यात माझ्या नवऱ्याने, सुहासने, तिला कावळ्याचं सांगून ठेवलेलं. पान वाढायचं; कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजायचं आणि त्याची काळजी मिटवायचं वचन मोठ्याने द्यायचं. ईशाने लगेच दुसरं पान मागितलं, टॉबीच्या आईबाबांसाठी. मी दिलं. वाद घालण्यापेक्षा दोन वडे जास्त तळणं सोपं.

सासऱ्यांच्या पानाला कावळा आल्या आल्या शिवला. (हयातीतही त्यांना जेवायला हाक मारावी लागत नसे.) दुसऱ्या पानाजवळ मात्र तो आला, मान तिरकी करून बघितलं आणि कुंपणावर जाऊन बसला. पांढऱ्यात एक काळा ठिपका. आम्ही तिघं दारात, खीर गार, वडे गार, आणि ईशाचे ओठ थरथरायला लागलेले.

"बाबा, त्यांचा मन टॉबीमध्ये स्टक आहे. सांग ना, आपण त्याला बघू."

सुहास म्हणाला, जो मुलगा नाहीच, त्याची जबाबदारी आपण कशी घेणार? (दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून माणसाचं असं होतं.) मग मीच हात पुसले, पुढे झाले आणि कावळ्याला खणखणीत मराठीत सांगितलं, की पोराला आम्ही सांभाळू. कावळा ढिम्म.

"आई," ईशा कुजबुजली, "ते इंग्लिश आहेत."

झालं! धुक्याकडे तोंड करून मी ओरडले, "प्लीज डोन्ट वरी अबाउट टॉबी. ही विल लिव्ह विथ अस. ही कॅन हॅव द बॉक्स रूम." (म्हणजे आमची अडगळीची चिमुकली खोली.)

आणि कावळा उतरला. वडा चोचीत धरून तो सावकाश धुक्यात विरघळून गेला. त्या शांततेत क्षणभर मलासुद्धा दोन माणसं पाठ फिरवून, हातात हात घालून निघून जाताना दिसली. (उपाशीपोटी दिसतं असं.)

तिसरं माणूस मात्र खरंच होतं. शेजारच्या मॉरीनबाई कुंपणापलीकडे मांजर शोधत होत्या. दुपारी त्या नातवाची रजई घेऊन दारात हजर, डोळे भरलेले. बिचाऱ्या टॉबीसाठी! सुहास समजावायला पुढे सरसावला, आधी भुतं, मग कावळा, मग वडे. मी त्याला आत ढकललं आणि रजई घेतली. ईशाने त्याच रजईत शिरून पुस्तक संपवलं आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळेपर्यंत मी शेवटचं प्रकरण वाचलं. आईवडील सुखाने गेले होते. टॉबीला मात्र कुठल्याशा आयर्लंडच्या आत्याने नेलं होतं! ईशाने सांगितलेल्या सबंध गोष्टीत जिचा पत्ता नव्हता, ती आत्या! मी झोपलेल्या लेकीच्या अंगावरची रजई ओढली, घडी केली आणि तडक मॉरीनबाईंकडे जाऊन सांगितलं, मुलगा येत नाही, आत्याने नेला.

"ओह लव्ह," त्या माझा हात धरून म्हणाल्या, "यू मस्ट बी हार्टब्रोकन."

छे हो, असं म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा लक्षात आलं, की मी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून त्यांच्याच टिश्यूने नाक पुसतेय.