सरजाबाईची अधिग्रहित विहीर

नाव : सरजाबाई. धर्म : हिंदू. राहणार : चाकूरजवळ, जिल्हा लातूर (नवीन). व्यवसाय : शेती, तूर्त बंद. स्थावर : विहीर एक, पाणी असलेली. शेरा : सदर महिला विहीर अधिग्रहणास सहकार्य करते, तोंडाने फटकळ आहे.

शेरा खरा होता. लातूर वेगळा जिल्हा झाला, साहेब आले, खुर्च्या आल्या. पाऊस तेवढा आला नाही. बाकीच्या विहिरी आटल्या तेव्हा सरकारनं सरजाबाईची विहीर सगळ्या गावासाठी ताब्यात घेतली. ‘सगळ्या’चा अर्थ सरकारनं सांगितला नाही. गावानं आपला जुनाच लावला : बौद्ध वस्तीतल्या बायकांनी दोराला हात लावायचा नाही. काठाखाली घागर धरायची, वरून कुणीतरी ओतायचं.

ते कुणीतरी म्हणजे सरजाबाई. बाकीच्या बायका टाळायच्या. ही स्वतः शेंदून घागर काठोकाठ भरायची. ही आपली माया, असं तिला मनापासून वाटायचं.

एके सकाळी वस्तीतल्या पंचशीलानं घागर पुढं केलीच नाही.

“धर की, पोरी.”

“न्हाई, सरजामाय. दोर दे.”

“कधी कमी घातलं का तुला?”

“वरून घातलंस.”

पंचशीला रिकामी घागर घेऊन नदीची वाळू उकरायला गेली. घरी सासू तापानं फणफणलेली. सरजाबाई दिवसभर भांडी आपटत होती. आधी पंचशीलाच्या नावानं, मग गावाच्या, शेवटी स्वतःच्या. दुसऱ्या दिवशीही वाळूच उकरली जातेय हे कळल्यावर ती खांद्यावर दोर टाकून वस्तीत गेली.

“घे. आन उपकार केल्यावानी तोंड करू नको.”

“तुझं तोंड बघ आधी,” पंचशीला म्हणाली आणि दोर घेतला.

तिनं पहिली घागर शेंदली तेव्हा गावचे पुढारी श्रीमंतराव सरजाबाईकडं धावत आले. “वहिनी, विहीर बाटली!”

“तहसीलदार बूट घालून काठावर चढला तवा न्हाई बाटली? तवा तर तुम्ही नारळ फोडला.”

श्रीमंतरावांनी विहिरीवर बहिष्कार टाकला. बहिष्कार तहान लागेपर्यंत टिकला. मग त्यांची बायको कस्तुराबाई आली. घागर होती, शिवाय घरचा कोरा दोर होता.

“पाणी तेच हाय की गं कस्तुरे! सोवळं काय दोराच्या गाठीत बसतंय?”

कस्तुराबाईनं मान खाली घालून कोऱ्या दोरानंच घागर भरली. तिच्यामागं गावातल्या बाकीच्या बायका त्याच दोरासाठी उभ्या राहिल्या. सरजाबाईनं त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या अजून गावात चालतात. त्या दिवसापासून ती स्वतः पंचशीलानंतर, पंचशीलाच्याच दोरानं पाणी भरू लागली.

पुढं पाहणीला साहेब आले, सावलीत चहा प्याले आणि लिहून गेले : सदर विहिरीवर सर्वधर्मीय ग्रामस्थ एकोप्याने पाणी भरतात, भेदभाव आढळून आला नाही.

विहिरीवर दोन दोर आहेत.