दिवा विझवणारी माणसं

ती गाडी आमच्या घरी आली नवऱ्याच्या साहेबांकडून. साहेबांची बदली नागपूरकडं झाली, एवढ्या लांब जुनी गाडी कुठं न्यायची म्हणून त्यांनी ती ह्यांच्या गळ्यात मारली. ह्यांना मात्र ती साहेबांची कृपा वाटली. गाडी आमची होऊन वर्ष झालं तरी ह्यांच्या तोंडी ती "साहेबांची गाडी"च होती. पुसताना फडकंसुद्धा असं फिरवायचे, जणू साहेब आत बसलेत.

मी दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात टेक्निशियन. वडील त्याच खात्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, होते. ते ड्युटीवर असताना गेले आणि अनुकंपेवर मी लागले. रिले, वायर, मल्टिमीटर ह्यांच्यात माझी तेव्हा बारा-तेरा वर्षं गेली होती. रात्रंदिवस गाड्या जातात त्या लाइनवरचे दिवे माझ्या हातून जायचे. पण घरात मिक्सर बंद पडला की ह्यांना आठवायचा तो बाजारातला दुकानवाला. मी दुरुस्त करून ठेवलेला मिक्सरही ते एकदा त्याला दाखवून आणायचे.

तर एका रविवारी गाडीच्या मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. तेव्हा कार्बोरेटर नसलेल्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाड्या येऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्याकडं त्यातलं कळणारं कुणी नव्हतं, पण बोलणारे सगळे होते. मी म्हटलं, "थांबा, मी बघते." हे म्हणाले, "ते सिग्नल न्हाई, गाडी हाय." आणि गाडी घेऊन कुरकुंभ रोडच्या एका मिस्त्रीकडं गेले.

तासाभरात परत आले. चेहऱ्यावर विजय.

"झालं. पंधरा मिनिटांत काढला फॉल्ट."

"काय होतं?"

"ते काय मी विचारत बसलो न्हाई. मिस्त्री लई हुशार हाय."

मीही पुढं विचारलं नाही. ह्याचा राग मला आजही येतो, आणि तो माझ्यावरच येतो. त्यानंतर महिनाभर मी त्या गाडीत बसले, माझ्या गुडघ्यापासून दोन हातांवर ते मीटर होतं, आणि मी एकदाही नीट पाहिलं नाही. गाडी मागून काळा धूर सोडायची, पेट्रोल पाण्यासारखं प्यायची, तापली की चालू व्हायला कुरकुरायची. हे म्हणायचे, "जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच."

उन्हाळ्यात आम्ही निमोण्याला सासरी गेलो होतो. येताना केडगावला नणंदेकडं लोणच्याची बरणी द्यायची होती, म्हणून त्या बाजूनं आलो. केडगावजवळच्या रेल्वे फाटकाशी आलो तर फाटक बंद. सगळ्यांनी गाड्या बंद केल्या, आम्हीही केली. एक मालगाडी गेली, फाटक उघडलं. ह्यांनी चावी मारली. इंजिन खोकलं, चालू झालं, गाडी पुढं सरकली आणि बरोबर फाटकाच्या दांड्याखाली येऊन बंद पडली. पुढची चाकं आत, मागची बाहेर.

चावी मारा, पुन्हा मारा. सगळीकडं पेट्रोलचा वास. मागं उसाचे दोन ट्रॅक्टर, एक एसटी, मोटारसायकली. हॉर्नचा नुसता कालवा. फाटकवाला केबिनमधून बाहेर आला. दुसऱ्या गाडीची वेळ झाली होती, आणि फाटक पडल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. म्हणजे लांब कुठंतरी लाल दिव्यापाशी एक एक्सप्रेस आमच्यासाठी उभी राहणार होती. हे मला जेवढं कळत होतं तेवढं तिथं फक्त त्या फाटकवाल्याला कळत होतं.

त्यानं वाकून काचेतून पाहिलं. "मॅडम, तुम्ही सिग्नलवाल्या ना? दौंडच्या?"

"हो," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि ट्रॅक्टरवाल्यांना हाका मारायला गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ट्रॅक्टरवाल्यांनी गाडी मागं ढकलली, रस्त्याच्या कडेला लावली. हे स्टिअरिंग धरून बसून राहिले होते, उतरायचंही सुचलं नाही. फाटक पडलं. काही वेळानं ती एक्सप्रेस गेली. खिडक्यांतले लोक आमच्याकडं बघत होते, निदान मला तरी तसं वाटलं. इंजिन गार होईपर्यंत अर्धा तास आम्ही तिथं बसलो. मग मी ह्यांना बाजूच्या सीटवर बसवलं आणि स्वतः चावी फिरवली, पण पूर्ण नाही. अर्धी. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

चावी अर्धी फिरवली की मीटरमधले सगळे दिवे एकदा पेटतात. ऑइलचा, बॅटरीचा, हँडब्रेकचा. ते पेटले. इंजिनाचा पिवळा तेवढा नाही.

आमच्या खात्यात सिग्नलचा लाल बल्ब गेला तर मागचा सिग्नल आपोआप लाल होतो. दिवा नाही म्हणजे धोका नाही असं समजणारा माणूस आमच्याकडं एक दिवससुद्धा टिकणार नाही. आणि मी महिनाभर त्याच समजुतीवर फिरत होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी क्वार्टरच्या दारात मीटर उघडलं. चार स्क्रू, मागं एक केबल. पिवळ्या दिव्याच्या जागी होल्डर होता, बल्ब नव्हता. मिस्त्रीनं शोधलेला फॉल्ट तो हाच.

मी तो होल्डर घेऊन चालत त्याच्या गॅरेजवर गेले. मिस्त्री स्टुलावर बसून चहा पीत होता. मी होल्डर पुढं धरला. "ह्यातला बल्ब कुठं गेला?"

तो जरासुद्धा गडबडला नाही. फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढं उघडला. डब्यात बोटाच्या पेराएवढे कितीतरी बल्ब होते.

"ह्यातलाच कुठला तरी आसंल. घ्या, सगळे सारखेच हायत."

"हे सगळे तुम्ही काढलेत?"

"व्हय. लोकांना त्यो दिवा बगून झोप लागत न्हाई, म्याडम. कंपनीची नाटकं हायत ती. आन् एकबी गिऱ्हाईक परत आलं न्हाई, तुम्ही पहिल्याच."

दौंडच्या रस्त्यावर किती गाड्या अशा आंधळ्या करून सोडल्या होत्या ह्याचा त्याला अभिमान होता, आणि परत न आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला आपल्या हुशारीचा दाखला वाटत होतं. ते परत का आले नसतील, कुठं कुठल्या फाटकात उभे असतील, हा विचार त्याच्या डोक्याला शिवला नव्हता. मी डब्यातून एक बल्ब उचलला आणि निघाले. मागून तो म्हणाला, "मालकांना पाठवा की, तुम्ही कशापायी तरास घेताय."

बल्ब बसवला. पिवळा दिवा पहिल्यासारखा लागला. मला त्या दिव्याची कीव आली. महिनाभर तो एकटाच खरं सांगत होता.

आता तो काय सांगतोय ते समजून घ्यायचं होतं. दौंडात तेव्हा एक सायबर कॅफे निघाला होता, प्लायवूडच्या खोक्यांचा. तिथं तास-दीड तास बसून मी चार पानं प्रिंट करून आणली. त्यांत लिहिलं होतं की डॅशबोर्डखाली एक रिकामा प्लग असतो. त्यातल्या ठरावीक दोन पिना तारेनं जोडायच्या आणि चावी अर्धी फिरवायची, मग पिवळा दिवा उघडझाप करून आकडा सांगतो. एकेका आकड्याचा एकेक फॉल्ट.

मी साडीच्या पिनेला टेप गुंडाळली आणि जोडली. दिवा एकदा लुकलुकला, थांबला, मग चारदा लुकलुकला. पुन्हा एक, पुन्हा चार. चौदा. कागदावर चौदासमोर होतं, इंजिनातलं पाणी किती तापलंय ते सांगणारा सेन्सर. कॉम्प्युटरला त्याची खबरच मिळत नव्हती. त्यामुळं इंजिन उकळत असलं तरी तो ते थंड समजून पेट्रोल ओतत सुटायचा. काळा धूर, पेट्रोलचा वास, तापल्यावर बंद पडणं, सगळ्याचा उलगडा झाला.

संध्याकाळी हे आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "म्हंजी सेन्सर गेला. पुण्याहून नवीन मागवतो." मिस्त्रीनं बल्ब काढला होता, हे आता सेन्सर काढणार. मुळाशी जायचं कुणालाच नको.

मी म्हटलं, "गेला की नाही ते आधी बघू."

सेन्सर खोलला आणि स्वयंपाकघरात आणला. चहाच्या पातेल्यात पाणी, पाण्यात सेन्सरचं टोक, वर मल्टिमीटर लावला, खाली गॅस पेटवला. पाणी तापत गेलं तसा मीटरवरचा आकडा उतरत गेला, जसा उतरायला हवा तसाच. सेन्सर ठणठणीत होता. हे दारात उभं राहून बघत होते. एवढंच म्हणाले, "पातेलं चहाचं घेतलंस?"

मग राहिली वायर. सेन्सरपासून कॉम्प्युटरपर्यंत ती सगळी हातानं चाचपत गेले. बॅटरीच्या मागं, जिथं मान घालावी लागते तिथं, बोटाला कापूस लागला. सीटमधला कापूस, भुईमुगाची टरफलं आणि एक कुरतडलेली हिरवी वायर. आमची क्वार्टर्स मालधक्क्याच्या जवळ, तिथल्या धान्यावर पोसलेली घूस नाहीतर उंदीर, कुणीतरी तिथं संसार मांडून गेलं होतं. वायरचा एक केस तेवढा शिल्लक होता. गाडी हादरली की तो चिकटायचा, सुटायचा.

तुकडा कापला, नवी वायर सोल्डरचा डाग देऊन जोडली, वर स्लीव्ह चढवली. बॅटरीची तार थोडा वेळ काढून पुन्हा लावली, म्हणजे कॉम्प्युटर जुना फॉल्ट विसरतो. चावी अर्धी फिरवली. पिवळा दिवा पेटला. इंजिन चालू केलं. दिवा विझला. आता तो विझायला हवा होता म्हणून विझला.

पंधरा दिवसांनी निमोण्याला विहारात कार्यक्रम होता. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं मांडवात बसली. माझे मोठे दीर गावात वजन राखून असलेले. पंचायतीत एकदा निवडून आले होते, तेव्हापासून माईक नसतानाही माईकवर बोलल्यासारखं बोलायचे. त्यांनी मोठ्यानं सुरू केलं, "आमच्या धाकट्यानं गाडीचा कॉम्प्युटर घरी दुरुस्त केला. पुण्यातल्या मेकॅनिकला जमत न्हाई, त्यानं केलं." लोक ह्यांच्याकडं कौतुकानं बघायला लागले.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी चहाच्या कपात पाहिलं. एक शब्द बोलले असते तर मी सगळं माफ केलं असतं. ते चहा प्यायले, सावकाश, तळापर्यंत.

भांडी घासताना जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या गाडीचा बी त्यो दिवा लागलाय. ह्यांनी त्याच्यावर इलेक्शनचा स्टिकर चिटकवलाय. तू बघशील का गं?"

मी म्हटलं, "अक्का, मी कशाला? धाकटे करतात ना. रविवारी पाठवून द्या."

रविवारी मोठे भाऊजी स्वतः गाडी घेऊन दौंडला आले. मी पायरीवर मेथी निवडत बसले. ह्यांनी माझ्याकडं दोनदा पाहिलं, मी जुडी सोडवत राहिले. शेवटी ह्यांनी साडीची पिन मागितली. मी दिली. ते डॅशबोर्डखाली आडवे झाले, बराच वेळ खुडबुड केली, पिन कुठंतरी घातली आणि चटकन आवाज होऊन मीटरमधले सगळेच दिवे गेले.

"झालं का?" भाऊजींनी विचारलं.

हे बाहेर आले. शर्ट घामानं भिजलेला, कपाळाला धूळ. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील. पण भावाकडं न बघता म्हणाले, "दादा, मला येत न्हाई. मागच्या टायमाला बी हिनंच केलं हुतं."

भाऊजी बॉनेटला टेकून म्हणाले, "मग त्या दिवशी बोलला का न्हाईस?"

ह्यांनी शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. भाऊजी माझ्याकडं वळले. "बघा मग तुम्ही."

मी हात धुतले. उडालेला फ्यूज बदलला, नखानं स्टिकर खरवडला, उघडझाप मोजली. त्यांच्या गाडीत काहीच नव्हतं. इंजिन धुताना कुणीतरी एका सेन्सरचा प्लग ढिला करून ठेवला होता. तो दाबला, खट् वाजलं, काम झालं. भाऊजींनी इंजिन चालू केलं, मीटरकडं पाहिलं, मान हलवली आणि घाईचं कारण सांगून निघाले. चहाही घेतला नाही.

आठवड्यानं जाऊबाईंचा फोन आला. भाऊजी गावात आता सांगतायत म्हणे, "आम्ही दोघा भावांनी मिळून खोलली." मी हे ह्यांना सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, म्हणाले, "दादा तसलाच हाय," आणि भावाला फोन मात्र केला नाही.

पण एवढं झालं की तेव्हापासून गाडीत काही खुट्ट वाजलं की ते आधी मला विचारतात. मी ऐकते, आणि उत्तर द्यायला मुद्दाम थोडा वेळ लावते.