काडीकिड्याला स्थळ

जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या एका डोंगरी गावात फुसाए हागिओनं आयुष्यभर लग्नं जुळवली. आता जुळवण्याजोगं एकच माणूस उरलं होतं, आणि ते तिच्याच घरात होतं. भाची चिझुरू. चाळिशी उलटलेली, गावच्या कीटकघरात काडीकिडे, म्हणजे हुबेहूब वाळक्या काडीसारखे दिसणारे किडे, सांभाळणारी. फुसाएनं तिच्यासाठी चहामळेवाल्यांचा मुलगा हेरून ठेवला होता. चिझुरू भेटायलाही तयार नव्हती.

तिच्या काडीकिड्यांत सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी घालायच्या, त्यातून पुन्हा माद्या. त्या वसंतात मात्र चेरीच्या कुंपणावर एक नर सापडला.

"मावशी, याचं जुळवून दाखव," चिझुरू म्हणाली. "जमलं तर रविवारी मुकाट्यानं किमोनो नेसून त्या मुलाला भेटायला येते. नाही जमलं, तर चहावाल्यांना नकार तूच कळवायचा."

"अगं, मी त्या तिरसट सुताराचं जमवलंय. हा तर नुसता किडा."

फुसाएनं शुभ दिवस काढला. नर आणि एक मादी ठेवलेल्या पेटीसमोर गुडघे टेकून तिनं रीतसर ओळख करून दिली. "मुलगा कुंपणाकडचा, एकुलता एक. मुलगी घरातच वाढलेली, खाऊनपिऊन चांगली." मग रिवाजाप्रमाणे "पुढचं तरुणांवर सोडू" म्हणून ती चहाला गेली. लग्नाआधी दोघांना बंद दाराआड ठेवू नये, म्हणून झाकण किंचित उघडं ठेवलं.

परतली तेव्हा नवरदेव पेटीबाहेर, खिडकीच्या पडद्यावर काडी होऊन उभा होता.

"ही खेप मोजायची नाही हं," फुसाए घाईघाईनं म्हणाली.

चिझुरूनं त्याला उचलून मादीशेजारी ठेवलं. त्यानं मिशी हलवली. ती सरकून पलीकडचं पान खाऊ लागली. थोड्या वेळानं तोही खाऊ लागला. खाता खाता तिनं एक अंडं टाकलं. टप्.

"लाजली असेल."

"लाजायचं कसं हेच विसरली असेल, मावशी. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावाचून कुणाचं अडलंच नाही. मग ती रीत जपणार कोण? त्याला तरी कुठं येतेय!"

फुसाएनं पेटीचं झाकण नीट लावलं.

"मी जुळवलेल्यांत इतकं शांतपणे जेवणारं जोडपं नव्हतं," ती म्हणाली.

पण शब्द तो शब्द. तिनं चहामळ्यावर फोन लावला.

"मुलीकडून नकार आहे."

"कारण?" मुलाच्या आईनं विचारलं.

कारणाशिवाय नकार देणं फुसाएच्या पेशात बसत नव्हतं. तिनं वळून पाहिलं. चिझुरू गुणगुणत चेरीची पानं धूत होती.

"मुलीचं काही अडलेलं नाही."



"मग बरं झालं," मुलाची आई म्हणाली. "आमच्याचंही नाही."