आयएफटीचे चार स्क्रू

निमोणे गावातल्या आमच्या घरचा व्हॉल्व्हचा पोर्टेबल रेडिओ मी बिघडवला. आईने नाही. एवढं सांगायला मला छत्तीस वर्षं लागली.

तेव्हा मी आयटीआयच्या पहिल्या वर्षाला होतो आणि स्वतःला मेकॅनिक समजत होतो. एका दुपारी रेडिओ उघडला. आत दोन छोटे पत्र्याचे डबे असतात, त्यांना आयएफटी म्हणतात. त्यांतले चार स्क्रू कमी-जास्त फिरवून स्टेशन नेमकं जुळवलेलं असतं. मला ते सैल वाटले. मी चारही आवळले आणि मागे नुसती खरखर उरली. आईने सकाळीच रेडिओ ओल्या फडक्याने पुसला होता, म्हणून आप्पांनी, माझ्या वडिलांनी, तिलाच दोषी धरलं. पारावर जाऊन रंगवून सांगितलं, "आमच्या मंडळीचा हात लागला की वस्तू गेलीच." लोक हसले. मीही हसलो. स्क्रू आवळायचे नसतात हे पुढच्या वर्षी वर्गात कळलं, तरी गप्प राहिलो.

त्यानंतर आईने मिक्सर, टीव्ही, कशालाच हात लावला नाही. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने मोबाइल पुढे केला, तर हात मागे घेत म्हणाली, "नगं बाई, माझा हात बरा न्हाई."

मी रेडिओ माळ्यावरून काढून दौंडला माझ्या घरी आणला. बाजारातला मेकॅनिक म्हणाला, आत ब्लूटूथ बसवू, वरून जुनाच दिसेल. मी नको म्हणालो. मला हाच रेडिओ बोलता हवा होता.

नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, व्हॉल्व्हच्या तारेसाठी वेगळा सेल लावला. गळके कंडेन्सर बदलले, झाकणातल्या एरियलची तुटलेली तार जोडली. खोटं कशाला बोलू, डब्यांकडे मी मुद्दाम शेवटी गेलो. बिघाड दुसरीकडे निघावा असं तेव्हाही वाटत होतं. चारही स्क्रू तळाला टेकलेले होते, जसे मी सोडले तसे. लोखंडी पेचकस जवळ नेला की जुळणी हलते, म्हणून विणकामाची प्लॅस्टिकची सुई घासून घेतली आणि एकेक स्क्रू केसाएवढा फिरवत गेलो. तिसऱ्या रविवारी पुणे केंद्र खणखणीत लागलं.

रेडिओ घेऊन निमोण्याला गेलो आणि आईला सगळं सांगितलं. तिने हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "मला चुलीपाशी सांगून काय उपेग? मला हसले ते पारावर."

आप्पा म्हणाले, जुनं उकरू नकोस, गावात शोभा होईल. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही चला नाहीतर राहा. मी जाणार."

एकटाच पारावर गेलो. त्या वेळी हसलेले तिघेच उरलेत, त्यांच्यापुढे उभा राहून सांगितलं. त्यातले एक आबा म्हणाले, "आईच्या पाया पड आन् मिटव." मी म्हणालो, मिटवायला आलो नाही. तिचा हात चांगला होता, माझा वाईट होता, हे तुम्ही ऐकावं म्हणून आलोय.

परत आलो तेव्हा बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. आई ओसरीवर रेडिओपुढे बसली होती. तिने बटण फिरवलं. काटा स्टेशनच्या पुढे गेला, तिने तो मागे आणला. बातम्या लागल्या.

आतून आप्पा म्हणाले, "बारीक कर."

तिने केला नाही.