दुखवट्याची साडी आणि पॉइंटचं कार्ड

मंडळी, आज दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय.

उद्या औंढ्यात दाजींचा, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याचा, दहावा. कंपनीतून घरी येताना ट्रकनं उडवलं त्यांना. ताईला माहेरची दुखवट्याची साडी घ्यायला मी आणि आई तळेगावच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो.

बिल करताना काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "सर, आमचं क्रेडिट कार्ड काढा ना. आज सूट मिळेल आणि पुढच्या खरेदीला पॉइंट."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? ताईच्या पोरांचे कपडे, दप्तरं आता मलाच बघायचीत. मी आधार कार्डासाठी खिशात हात घातला.

आईनं मनगट धरलं. "पुढची खरेदी कसली रं? ह्या कापडावर न्हाई."

"अगं, पोरांनाच उपयोगी पडंल."

"मग पोरांची कापडं घेशील तवा काढ. आज न्हाई."

मी पूर्ण बिल भरलं.

"थँक्यू सर, परत या हं!" ती मुलगी म्हणाली. तिला तरी काय माहीत?

माझी आई भाजीवालीकडूनसुद्धा "येते गं बाई" म्हटल्याशिवाय निघत नाही. आज ती पिशवी छातीशी धरून गप बाहेर पडली. दुखवट्याच्या घरातून निघताना आपण 'येतो' म्हणत नाही, तसं.

आत्ता दुकानाचा मेसेज आलाय, 'तुमच्या पुढच्या खरेदीची वाट पाहतोय.' खाली अभिप्राय मागितलाय.

काय लिहू, सांगा.